कार्ड क्रमांक एक्केचाळीसची दुरुस्ती

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय सत्तावन्न वर्षे सात महिने, व्यवसाय आधी छापखान्यात मुद्रितशोधन आणि गेली एकवीस वर्षे मासिकांतून युरोपातल्या कमी माहितीच्या गावांविषयी लेखन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यात दोन चुका होत्या. त्या मी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतल्या, तेव्हा ते म्हणाले, "आता माझीही खात्री पटली." पुढच्या आठवड्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. त्यातून उठेन की नाही, याबद्दल त्यांनी जे सांगितले ते मोघम होते, म्हणून हा कागद.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही माझ्या पत्नीला दिले होते. ती आता नाही.

१. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते सर्व सामानासह माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. मागच्या खोलीची खिडकी वर उचलून मग ढकलावी लागते. नुसती ढकलली तर बिजागरी निखळते. बँकेत जे शिल्लक असेल तेही तिचेच.

२. माझ्या मेव्हण्याला काळी मोठी छत्री द्यावी. ती त्याचीच आहे. माझ्या कामाला त्याने भर जेवणाच्या टेबलावर "दगड मोजायची नोकरी" म्हटले, त्या दिवसापासून मी ती मुद्दाम परत केली नाही. त्याचे चुकले होते. नोकरी नव्हती ती.

३. मासिकाच्या संपादकांना माझ्याकडून काही नाही. माझ्या लेखांना त्यांनी एकवीस वर्षांत सात वेळा "दडलेले रत्न" असा मथळा दिला. गावे दडलेली नसतात. तिथे लोक राहतात, पाव विकतात, भांडतात. आपण गेलो नाही म्हणून ती दडलेली होत नाहीत. हे मी त्यांना तोंडावर सांगितले होते. ते म्हणाले, "अहो, खपायला नको का अंक?"

हॉटेलच्या खोलीत बसून माहितीपत्रकांवरून लेख पाडणारे जे प्राध्यापक आहेत (त्यांना वाचल्यावर कळेल), त्यांना माझी सर्व छापील मार्गदर्शक पुस्तके द्यावीत. चुका समासात शिसपेन्सिलीने दाखवल्या आहेत.

४. आता महत्त्वाचे. माझी पन्नास फुटी फीत, होकायंत्र, भिंग, रेल्वेची जुनी वेळापत्रके आणि बेचाळीस कार्डे मुलीला द्यावीत. एका गावाचे एक कार्ड. शेवटचे कोरे आहे. ते कोरे का, ते पुढे येईल.

मी आठवीपर्यंत शिकलो. इतरांच्या चुका काढता काढता लिहायला शिकलो. ज्याच्यामागे पदवी नाही त्याची एक चूक सापडली की लोक म्हणतात, "तरी वाटलंच होतं." म्हणून मी एक पद्धत बसवली. गावात तीन सकाळी काढायच्या. पुलाच्या कमानी, घाटाच्या पायऱ्या, चौकातली झाडे, जे मोजण्यासारखे असेल ते मी आणि पत्नीने वेगवेगळे मोजायचे. एकमेकांना सांगायचे नाही. चिठ्ठीवर आकडा लिहून घडी घालायची आणि कॉफी पिताना दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. जुळल्या तर छापायचे. नाही जुळल्या तर दोघांनी पुन्हा जायचे. साधारण चारांत एकदा जुळत नसत. मग ती म्हणायची, "चला, तुमचा एक दगड रुसलाय." आणि आम्ही परत चढायचो. भर उन्हात, तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला असतानाही चढलो आहोत.

शेवटच्या तीन गावांत, म्हणजे कार्ड एकोणचाळीस ते एक्केचाळीस, सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या फटक्यात जुळल्या. मी खूश होतो. कार्ड चाळीसच्या मागे माझ्या अक्षरात लिहिले आहे: "आता आमचा हात बसला."

एक्केचाळीसावे गाव नदीकाठचे. तिथे एक घंटेचा मनोरा आहे. त्याच्या एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या मी छापल्या. दोन महिन्यांनी, लेख वाचून तिथे जाऊन आलेल्या एका निवृत्त पोस्टमनचे पत्र आले. पायऱ्या एकशे शहाऐंशी आहेत, मी दोनदा मोजल्या, असे त्याने लिहिले होते. मी पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेलो. पत्नी वाटाणे सोलत होती.

"तू चढली होतीस ना?"

"नाही."

"नाही म्हणजे? चिठ्ठीवर आकडा होता तुझ्या."

"तुमची बघितली. तुम्ही दाराचा फोटो काढत होता तेव्हा."

"अगं, छापून गेलंय ते!"

"दोन पायऱ्यांनी काय मनोरा पडला का?"

इथे मी काय विचारायला हवे होते, हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळेल. का चढली नाहीस, एवढे तीन शब्द. मी ते विचारले नाहीत. मी विचारले, "आणखी कुठे कुठे केलंस असं?" ती वाटाणे सोलत राहिली. मी दोन दिवस बोललो नाही आणि तिसऱ्या दिवशी मासिकाकडे दुरुस्ती पाठवली. ती गेल्या वर्षीच्या मार्चच्या अंकात, पान चौसष्टवर, डाव्या स्तंभात खाली आली: "मोजणीतील सहकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे पायऱ्यांची संख्या चुकीची छापली गेली. लेखक दिलगीर आहे."

सकाळी चहा घेताना तिने ती वाचली. अंक मिटला. म्हणाली, "सहकारी होय मी? बढतीच झाली म्हणायची." मी हसलो. मला वाटले, मिटले. पण पुढच्या खेपेला बॅग भरायला घेतली, तेव्हा ती म्हणाली, "या वेळी तुम्हीच जाऊन या." मी गेलो. दोन जूनला, बेचाळीसाव्या गावात मी फीत धरून एकटा उभा असताना, ती त्याच स्वयंपाकघरात वारली. मुलीला ती दुपारी सापडली. मी दुसऱ्या दिवशी पोचलो, कारण गाड्यांची आणि विमानांची जुळणी तशी होती.

हृदयाची झडप दोन वर्षांपासून निकामी होत आली होती. पत्नीला माहीत होते. मुलीलाही माहीत होते. फक्त मला माहीत नव्हते. "आईने शपथ घातली होती," असे मुलगी म्हणाली. "ती म्हणायची, त्यांना कळलं तर मला नेणार नाहीत."

मला राग असता तर बरे झाले असते. मला ती चढली नाही याचे दुःख नाही. तिला यायचे होते. इतके यायचे होते की तिने माझी चिठ्ठी चोरून पाहिली. आणि मी ते निष्काळजीपणा म्हणून छापले.

५. या एप्रिलमध्ये मी एक्केचाळीसाव्या गावी परत गेलो. मनोऱ्याखाली तिकिटे देणारी बाई तीच होती. मला तिच्या भाषेतले दहा-बारा शब्द येतात, तिला माझी भाषा मुळीच येत नाही. मी पत्नीचा फोटो दाखवला. तिने लगेच ओळखले. आपल्या शेजारची खुर्ची दाखवली, पोस्टकार्डांचा फिरता स्टँड दाखवला, आणि कार्डे नीट लावल्यासारखे हात केले. म्हणजे माझी पत्नी बसल्या बसल्या तिची पोस्टकार्डे लावून देत होती. मग त्या बाईने आपल्या छातीवर हात ठेवला, जोरजोरात श्वास घेतल्याचे दाखवले, आणि ओठांवर बोट ठेवले. मग वर बोट करून एक-दोन-तीन मोजणाऱ्या माणसाची नक्कल केली, आणि आठवून हसली. त्या दोघी तेव्हाही हसल्या असणार.

मी त्या खुर्चीवर बसलो. तिथून न्हाव्याचे दुकान दिसते. एक म्हातारा गच्चीतल्या कुंड्यांना पातेल्याने पाणी घालतो, निम्मे खालच्या फुटपाथवर सांडतो आणि खालची बाई त्याला रोज तेच ओरडते. दोन घरांच्या फटीतून हातभर नदी दिसते. या गावावर मी अकराशे शब्द लिहिले होते. यातले त्यात काहीच नव्हते.

पायऱ्या एकशे शहाऐंशी की एकशे अठ्ठ्याऐंशी, हे मला आजही सांगता येणार नाही. मी चढलो नाही.

परत येऊन मी संपादकांना नवी दुरुस्ती दिली. ते म्हणाले, "सव्वा वर्षापूर्वीच्या दुरुस्तीची दुरुस्ती? वाचक हसतील हो." म्हणून माझी सूचना अशी की, माझ्या मागे पुढील मजकूर मासिकात जाहिरात म्हणून छापून आणावा, चौकट घालू नये, शब्द बदलू नये: "कार्ड एक्केचाळीसच्या लेखासंबंधी छापलेली दुरुस्ती चुकीची होती. निष्काळजीपणा लेखकाचा होता." हे काम माझ्या जुन्या छापखान्यातले मुद्रितशोधक मित्र करतील. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी त्यांनाच नेमतो. स्वल्पविरामावरून आमचे तीस वर्षांचे भांडण आहे, पण माणूस खरा आहे.

६. माझ्या लेखांचे पुस्तक प्रकाशकाकडे तयार आहे. मुखपृष्ठावर आधी पत्नीचे आणि मग माझे नाव असावे, अशी माझी अट होती. मुलीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आईचं नाव तुमच्या नावाशेजारी नको." आणि फोन ठेवला. त्यानंतर पाच महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी हट्टी आहे, हे सर्वांना माहीत आहे. तरी लिहितो की, पुस्तकाचे, कार्डांचे आणि प्रत्येक लेखाचे सर्व हक्क मी मुलीला देत आहे. छापावे, छापू नये, नाव घालावे, काढावे, सगळे रद्दीत द्यावे. माझी अट मी मागे घेतली आहे.

७. हे कलम रविवारनंतर जोडले आहे. ऑपरेशनचे कळवले म्हणून मुलगी रविवारी आली. मी हा कागद तिच्यापुढे ठेवला. खांद्यावरची पिशवी न काढता ती उभ्याने वाचू लागली. पाचव्या कलमाला खाली बसली. शेवटपर्यंत वाचून म्हणाली,

"बाबा, आईला हवं होतं का पुस्तकावर नाव?"

"का नको असेल?"

"मी ते नाही विचारलं. तुम्ही तिला विचारलं होतंत?"

"नाही."

"मग हे लिहा ना यात."

"मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत गं."

"छत्रीचं लिहिलंय तुम्ही."

तेव्हा लिहितो. पुस्तकावर नाव हवे की नको, हे मी माझ्या पत्नीला कधीही विचारले नाही. कोणत्या गावी जायचे, हेही एकवीस वर्षांत एकदाही विचारले नाही. वेळापत्रक उघडून मी ठरवत असे आणि ती बॅग भरत असे.

मुलीने हे वाचले. "तिला एका गावी जायचं होतं," ती म्हणाली. "मला सांगायची ती."

मी नाव विचारले. तिने सांगितले नाही. ते माझ्या बेचाळीस कार्डांत नाही, एवढेच म्हणाली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो खरा आहे म्हणून खाली सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टर
साक्षीदार दुसरे: समोरच्या घड्याळाच्या दुकानाचे मालक

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५