मोराच्या मानेतलं पहिलं प्रकरण

२ जून १९७४, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. (पुढेमागे अभ्यासकांना लागलीच तर वाचता यावी, म्हणून अक्षर नीट काढतो आहे.)

वाचनालयात पुण्याच्या विज्ञान मासिकाचा अंक पाहिला. दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा मागवल्या आहेत. नव्या लेखकाची एकच घेणार. मुदत ३१ ऑगस्ट. सोबत लेखकाचा व्यवसाय व परिचय, पाच ओळींत.

ती एक कथा माझी. शंकेला जागा दिसत नाही.

मायाप्पाला मात्र कळता कामा नये. मायाप्पा कोळेकर, आमच्या पुढच्या खोलीतला भाडेकरू. सांगोल्याकडचा. गुरांच्या दवाखान्यात आहे, मेंढ्यांना लस टोचतो. गेल्या वर्षी कुठल्याशा साप्ताहिकात याची कथा छापून आली. मंगळावरचा चारा संपतो. मुळात मंगळावर चाराच नाही, तर संपेल कसा? संपादकांना तसं कळवलं होतं. उत्तर नाही.

९ जून
जुने अंक काढून विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचे परिचय तपासले. एक दातांचे डॉक्टर. एक धरणावर इंजिनियर. एक हवामान खात्यात फुगे सोडतात. एक तुरुंगाधिकारी. एक गृहस्थ तर समुद्रातला दिवा सांभाळतात. त्यांना काय, बसायचं आणि लिहायचं.

निष्कर्ष: कथा छापून येते ती व्यवसायामुळे. माझ्यात उणीव तेवढीच.

मी नरसय्यांच्या चादर कारखान्यात जेकार्डची कार्डं पंच करतो. ग्राफवरचा मोर पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांत उतरवायचा. एक कार्ड म्हणजे आडवा एक धागा. भोक असेल तिथला ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. कार्डं ओवून माळ करायची, ती मागावर फिरते, खाली चादरीत मोर उमटतो. काम चोख. एकवीस वर्षांत एक भोक चुकलेलं नाही. पण हे काय परिचयात घालायचं?

१६ जून
परिचयाचा मसुदा. "लेखक सोलापूर येथे यंत्रशास्त्रज्ञ असून..." बायकोला, सुंदरम्माला, वाचून दाखवला. ती म्हणाली, हे कोण? कुणाबद्दल आहे?

घरात वातावरण नाही.

३० जून
परिचय आठव्यांदा लिहिला. "यंत्रशास्त्रज्ञ" काढून "संशोधक". छान वाटतं.

कथेचा नायक ठरला: प्रोफेसर विश्वंभर. मंगळावर जाणार. त्यांना वाटेत पाणी किती लागेल याचा हिशेब सुरू. आंघोळीसह.

७ जुलै
प्रोफेसरांची आंघोळ रद्द. यान उडेना.

१४ जुलै
मायाप्पा पायरीवर बसून लिहीत होता. लशीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर! संध्याकाळी तो पुठ्ठा सुंदरम्माच्या चुलीत. विचारलं, हे काय? तर म्हणाला, अण्णा, गोष्ट झाली व्हती, पर जमली न्हाय. दुसरी लिवतो की.

पूर्ण झालेली कथा! जाळली! आणि वर शीळ घालत होता. माझ्यासारख्याने एक वाक्य तासन्‌तास घासायचं आणि याने अख्खी कथा चहाखाली घालायची. याला लेखक म्हणत नाहीत. पण पुठ्ठ्याची कल्पना वाईट नाही. बाजारात सध्या कागद मिळत नाही.

२१ जुलै
झालं! पहिलं प्रकरण पूर्ण. काल दुपारच्या सुट्टीत, कारखान्यात बसून, न पंचलेल्या कार्डांवर पेन्सिलीने लिहिलं. नऊ कार्डं. पुठ्ठा गुळगुळीत, अक्षर सुरेख उमटतं. शेवटचं वाक्य, "आणि प्रोफेसर यानात बसले," लिहिताना अंगावर काटा आला.

कार्डं टेबलावरच राहिली आहेत, नव्या मोराच्या गठ्ठ्याशेजारी. सोमवारी घरी आणून उतरवून काढीन. दुसरी प्रत नाही. खऱ्या लेखकाची पहिली प्रत हीच शेवटची असते.

२२ जुलै
टेबल साफ. कार्डं नाहीत. शोधतो आहे.

२४ जुलै
सापडली.

नरसय्यांनी बोलावलं. पुढ्यात नवी चादर. मोर अप्रतिम, पिसारा एक नंबर, पण मानेतून आरपार एक बोटभर कोरी पट्टी. डोकं वर, धड खाली. म्हणाले, रुद्रप्पा, मोराला फाशी दिली का काय रे?

कार्डं ओवणाऱ्या फुलाबाईला मी सर्वांसमोर विचारलं, कोरी कार्डं कशी ओवलीस? ती म्हणाली, कोरी कुटं? लिवल्याली व्हती की. पेनशिलीनं, लई बारीक. मला वाटलं तुमचं नवं डिझाइन हाय.

सगळा कारखाना हसला. मी म्हटलं, ती हिशेबाची कार्डं होती.

थोडक्यात, माझं पहिलं प्रकरण मागावर चढलं आहे. मागाने ते वाचलं आणि त्याला त्यात एकही भोक सापडलं नाही. एका अर्थी हा निर्दोषपणाचा पुरावाच.

२५ जुलै
नरसय्यांना म्हटलं, माग थांबवा, माळ सोडून कार्डं काढतो. ते म्हणाले, माग थांबला तर ऑर्डरची मुदत चुकेल; पट्टीसकट माल संपू दे, थोडा स्वस्तात देऊ, मग काढ.

एक मोर झाला की माळ एकदा फिरते. म्हणून मागाशेजारी वही घेऊन उभा राहिलो. माझं कार्ड समोर येतं, खट्‌कन पुढे जातं. पहिल्या मोराला "प्रोफेसर" वाचता आलं. दुसऱ्या मोराला "परंतु". तिसऱ्याला तेल पडलं. विणकर म्हणाला, काका, सरका, अंधार पडतोय.

२८ जुलै
आतापर्यंत हाती आलेलं: प्रोफेसर, परंतु, गुरुत्वाकर्षण, घागर. आठवून लिहायला बसतो, पण पहिल्यासारखं होत नाही. प्रेरणा एकदाच येते. ती सध्या मागावर आहे.

४ ऑगस्ट
ऑर्डर उद्या संपणार. माळ उतरणार. मायाप्पाकडे आज प्रथमच दयेने पाहिलं.

५ ऑगस्ट
घात. हुबळीचा व्यापारी आला होता. मानेत पट्टीवाला मोर पाहून म्हणाला, ही नवी फॅशन आहे, असाच माल द्या, मोठी ऑर्डर. नरसय्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, एकवीस वर्षांत तुझं पहिलं स्वतःचं डिझाइन, आणि काय उठलंय बघ! ही माळ आता दिवाळीपर्यंत उतरायची नाही.

हात जोडले. तर म्हणाले, लाजतोस काय?

सुंदरम्माला सांगितलं. ती म्हणाली, होगली बिडरी. म्हणजे जाऊ द्या. मग म्हणाली, डिझाइन चांगलं आहे, आपल्यालाही एक चादर आणा.

११ ऑगस्ट
मायाप्पा कधी नव्हे ते आत येऊन बसला. म्हणाला, अण्णा, फुलाबाई काय सांगत हुती, तुमची कार्डं मोराच्या मानंत अडकली म्हनं? मग सुरू. माग कसा वाचतो? कोऱ्या कार्डाला काय करतो? माळ मधीच थांबवली तर? मेंढीला सुई टोचावी तसे प्रश्न. एकेक, नेमके.

मी सगळं समजावून सांगितलं. आकृती काढून. माहितीच्या बाबतीत मी कंजूष नाही. शिवाय इतक्या लक्षपूर्वक माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही, हेही नमूद करतो.

म्हणाला, काय लिवलं व्हतं त्यावर? मी म्हटलं, हिशेब. म्हणाला, किती कार्डं व्हती? मी म्हटलं, पाच. नऊ कार्डांचा हिशेब कोण करतं?

जाताना म्हणाला, अण्णा, ह्याची गोष्ट तुमी का लिवत न्हाय? मी हसलो. चादरीची विज्ञानकथा! याची झेप मेंढीएवढीच.

२५ ऑगस्ट
प्रोफेसर, परंतु, गुरुत्वाकर्षण, घागर, आंघोळ. बाकीचं तेलकट झालं.

३१ ऑगस्ट
मुदत संपली. परिचय पाठवला. बाविसावा मसुदा, बरोबर पाच ओळी. सोबत लिहिलं, कथा मागाहून येत आहे, जागा राखून ठेवावी. परिचय वाचून संपादकांची उत्सुकता चाळवणार हे नक्की.

मायाप्पाने काहीतरी पाठवलं म्हणे. एकच पाकीट, पातळ. बिचारा.

२९ सप्टेंबर
संपादकांकडून उत्तर नाही. म्हणजे नकार नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
दिवाळी अंक आला. नव्या लेखकाची कथा: मायाप्पा कोळेकर.

एका मागावर चुकून पेन्सिलीने लिहिलेली कार्डं चढतात. माग थांबवायची सोय नाही. चादरी गावोगाव जातात, आणि त्या पांघरून झोपणाऱ्या प्रत्येकाला गोष्टीतला एकेक शब्द स्वप्नात दिसतो. लिहिणारा माणूस दारोदार जातो, काल तुम्हाला काय दिसलं विचारतो, आणि आपली गोष्ट गोळा करतो.

शास्त्रीय आधार शून्य. चुका काढायला पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घ्यायची राहून गेली.

परिचय एका ओळीचा: "लेखक मेंढ्यांना लस टोचतात." बस. एवढ्यावर छापतात. मी बावीस मसुदे केले.

कथेखाली बारीक टाइपात: "जेकार्डच्या माहितीबद्दल सोलापूरचे कार्ड पंचर श्री. रुद्रप्पा हत्तुरे यांचे आभार." मधलं आद्याक्षर गाळलं आहे.

सुंदरम्माने अंक विकत आणला. पहिल्यांदाच. गल्लीभर बारीक टाइप दाखवून आली. नरसय्यांनी ते पान ऑफिसात चिकटवलं. फुलाबाई म्हणाली, माजं नाव कुटं हाय? मायाप्पा पेढे घेऊन आला, आधी माझ्या पाया पडला. पाय मागे घेता आले नाहीत, भिंत होती.

संध्याकाळी सापडली! चूक सापडली. कथेत कार्डं पाच आहेत. होती नऊ. ताबडतोब पोस्टकार्ड घेतलं. "संपादक महोदयांस स. न. वि. वि. आपल्या अंकातील कथेत गंभीर तपशीलदोष असून कार्डं पाच नव्हे, नऊ होती. मला हे खात्रीने ठाऊक आहे, कारण"

इथे थांबलो. कारण लिहायला हवं. कारण काय लिहायचं?

पोस्टकार्ड उशीखाली.

थंडी पडली म्हणून सुंदरम्माने नवी चादर काढली. मोराची. मानेत पट्टी. अंगावर घेतली आहे.

११ नोव्हेंबर
स्वप्न पडलं नाही.

चादर उलटी पांघरली होती बहुतेक. आज सुलटी घेऊन पाहणार.