हापशाजवळचा लोटा

प्रिय इल्यास,

एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या भावाला पत्र लिहावं लागतंय, यातच सगळं आलं. तोंडानेच सांगितलं असतं, पण तुझी घंटा वाजवून तुझी बायको फरजाना दार कधी उघडते याची वाट बघत उभं राहण्याचं माझं आता वय नाही. शिवाय समोर आले की तू ‘आपा, आधी बसा तर’ म्हणत सरबत पुढे करतोस आणि मूळ गोष्ट त्यातच विरघळून जाते. कागदाला सरबत पाजता येत नाही.

तुझं कार्ड मिळालं. चांगलं जाड आहे, सोनेरी काठाचं. अम्मांच्या नावाने तू दारात गार पाण्याची सबील उघडतोयस, मशीन तुझ्या छतावरच्या सोलरवर चालणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट पाणी मिळणार. उद्घाटन मी करायचं. सगळा मोहल्ला म्हणतोय, आईची आठवण ठेवावी तर इल्यासने. मला हसू आलं, पण ते काही बरं हसू नव्हतं.

आधी तुझ्या बाजूचं बोलून घेते, नाहीतर म्हणशील, आपा जळते. तुझा डिझेलचा जनरेटर गेला ते फार बरं झालं. त्याचा धूर थेट माझ्या खिडकीत यायचा, गिऱ्हाइकांच्या ओढण्यांना वास लागायचा. तो गेला आणि माझा खोकलाही गेला, हे मी कोणासमोरही कबूल करीन.

पण तुम्ही ऐपतवाले सोलर बसवून एकेक करून सरकारी विजेच्या तारेवरून उतरलात. खांब तेवढेच राहिले, तारा तेवढ्याच, आणि त्यांचा भार उरलेल्यांच्या बिलात आला. उरले कोण, तर माझ्यासारखे. शिलाई मशीनची मोटर काढून मी पुन्हा पायाने शिवते. तेही सोसलं असतं. वीज माणूस कमी वापरू शकतो, पण मुलतानच्या उन्हाळ्यात पाणी किती कमी पिणार?

जनरेटर होता तेव्हा टाकी भरली की तू चपला न घालता पळत येऊन मोटर बंद करायचास, डिझेल जळतंय म्हणून. आता ऊन वर आलं की मोटर सुरू, ते उतरेपर्यंत. बॅटऱ्या भरल्या, उरलेल्या विजेचं करायचं काय, म्हणून पाणी उपसायचं. आंब्याची बाग डबक्यात उभी आहे, गाडी रोज न्हाते, गल्ली धुऊन निघते. मी छतावरून म्हटलं होतं, जरा आवर घाल. तू हात उडवलास. “आपा, सूर्य काय बिल पाठवतो?”

पाठवतो रे, फक्त तुझ्या घरी नाही. जूनमधल्या एका सकाळी मी अम्मांच्या हापशात लोटाभर पाणी ओतलं, दांडा मारला, तर नुसती हवा. आणखी ओतलं, तेही पिऊन बसला. मिस्त्री म्हणाला, पाणी हापशाच्या आवाक्याखाली गेलंय, तुमच्या भावाची बोअर खोल आहे, ती पोचते. अम्मांनी वाटसरूंसाठी दारात मांडलेले माठ तेव्हापासून पालथे आहेत. त्यांचीही सबीलच होती, कार्ड न छापलेली. फरजानाने भिंतीवरून नळी टाकली खरी, पण लगेच वरून म्हणाली, “बादली भरली की सांगा हं आपा, वाया जायला नको.” तुमच्या घरातून हे ऐकावं लागलं! मी नळी परत फेकली. आता मशिदीच्या नळावरून आणते.

हापशाच्या कट्ट्यावरचा तो पितळी लोटा आठवतो का तुला? वरून घोटभर पाजल्याशिवाय हापसा खालचं पाणी देत नाही, म्हणून अम्मांचा नियम होता, आपलं भरून झालं की जाताना लोटाही भरून ठेवायचा, मागून येणाऱ्यासाठी. घरात एकच जण तो कायम रिकामा ठेवून खेळायला पळायचा. अम्मा तुला कधी ओरडल्या नाहीत, मला भरायला लावायच्या. मला तेव्हाही राग यायचा.

आज सकाळी तुझा माणूस रमजान पाना घेऊन दारात आला. म्हणाला, हापसा तसाही बंदच आहे, तर साहेबांनी उखडून आणायला सांगितलाय, हिरवा रंग देऊन मशीनशेजारी उभा करायचाय, अम्मांची निशाणी म्हणून. त्यासाठी हे पत्र. हापसा मिळणार नाही. तो इथेच उभा राहील, कोरडा, म्हणजे छतावर पॅनेल पुसायला चढलास की तुला दिसेल. उद्घाटनालाही मी येणार नाही. पण रमजान बिचारा उन्हात ताटकळत उभा आहे, त्याला रिकाम्या हाताने परत कसं पाठवू? म्हणून अम्मांचा लोटा त्याच्याजवळ देतेय. निशाणी हवी ना तुला, मग हा ठेव मशीनवर. पाणी भरलेलं नाही. तू ठेवून जायचास तसाच पाठवतेय.

तुझीच, भिंतीअलीकडची,
बख्तावर आपा