हसलं की गुडघे जातात

१२ जानेवारी

"ही पोर उभ्याउभ्या झोपते, घोड्याच्या जातीची हाय!" — सोमीआत्या म्हणाली होती. मी तेव्हा चौदा वर्षांची. भाताची रोपं लावताना, आवणीच्या चिखलातच डोळा लागला होता. सगळे हसले. मीही हसले — आणि गुडघे मोडून मटकन खाली!

आज पुन्हा पडले. अंगणवाडीत. स्वरूपने माझा चष्मा घातला नि म्हणाला, "बाई, तुमी दोन दिसता. एकीला घरी पाठवा!" हसू फुटलं आणि मी खिचडीच्या पातेल्याशेजारी आडवी. सगळं ऐकू येत होतं, पण बोट उचलेना. मग आपोआप उठले, नेहमीसारखी.

दिशा डबा द्यायला आली होती. लेकीने नीट पाहिलं. "आई, ही चक्कर नाही. तू शुद्धीत होतीस. दाखवायचं."

१३ जानेवारी

सासूबाई म्हणाल्या, "दाखवायचं काय त्यात? मीठमिरच्या ओवाळून टाक." मिरच्या ओवाळून ओवाळून संपल्या, असं म्हणणार होते. पण हसू आलं असतं! हसू आलं की मी दहावीचा भूमितीचा पेपर आठवते. बहुतेकदा थांबतं.

हे गप्प. वीस वर्षं गप्पच. फक्त म्हणाले, "कारखान्यात रजा टाकतो."

२० जानेवारी

कल्याणला गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसा झोप अनावर होते? हसल्यावर अंगातलं बळ जातं? जाग येऊनही हात हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं?

हे शेवटचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा नाही! आमच्याकडे त्याला भूत म्हणतात. त्यांनी मात्र बाजारात भाजीचा भाव विचारावा तसं सहज विचारलं.

४ फेब्रुवारी

झोपेची तपासणी झाली. डोक्याला इतक्या तारा, की मी विजेचा खांबच. रात्रभर तशीच निजले. आज दिवसा तर थोड्या थोड्या वेळाने सांगायचे, "झोपा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला दिवसा झोपायला सांगितलं! प्रत्येक वेळी लगेच लागली. असली परीक्षा शाळेत असती तर!

१२ फेब्रुवारी

नाव कळलं — नार्कोलेप्सी. मेंदूत जागं ठेवणारं एक द्रव्य असतं, ते माझ्यात जवळजवळ उरलेलंच नाही. म्हणून झोप दिवसा घुसते. आणि झोपेत अंग जसं सैल पडतं, तसं माझं हसताना, जागेपणी पडतं. पुरतं बरं होत नाही, पण आवरतं. सकाळी जागं ठेवणारी गोळी, पडणं कमी करणारी दुसरी, आणि दुपारी ठरलेल्या वेळी डुलकी. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आळशी नव्हते मी! एसटीत टोकावड्यापर्यंत रडत आले. बरं वाटत होतं.

सासूबाई — "म्हंजे दुपारी निजायची चिठ्ठी आणलीस? मलापन आन गो एक!"

१३ फेब्रुवारी

पहिली गोळी. तोंड कोरडं. बाकी काही नाही.

८ मार्च

शेजारच्या सारिकाची हळद. बायका नवऱ्यामुलाच्या मावशीला गाण्यातून चिडवत होत्या. अशा वेळी मी मागे चुलीपाशी जाऊन बसायची. आज मधोमध बसले. मावशीच्या नथीवर काय एकेक रचलं! हसले. मान थोडी कलली, गुडघ्यांत थरथर आली — आणि गेली. बसूनच राहिले!

मग हसतच सुटले. हसून हसून पोट दुखतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

१५ मार्च

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सहज म्हणाल्या, "आता तू हसतेस, तर हरेशला सांग ना गो, परत सोंग घे म्हनून. जत्रंच्या नाटकात सोंगाड्या व्हायचा. नुस्ता उभा रायला तरी लोकं लोळायची."

हे लग्नाआधी नाटकात होते, एवढं मला माहीत होतं. घसा गेला म्हणून सोडलं, असं सांगायचे.

"घसा कसला? मी इचारलं तवा बोल्ला, आये, ती हसली का पडते. आता घरात सोंग नाय नि भायेर पन नाय."

म्हणजे गप्प राहणं हा स्वभाव नव्हता! वीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर तोंड आवळून जेवला.

१६ मार्च

नाही म्हणतील. वर पाहणारसुद्धा नाहीत. तरी चहा देताना विचारणार — अहो, यंदा जत्रेत सोंगाड्या व्हाल? मी अगदी पुढे बसेन, खाली सतरंजीवर.