सरांचा अडलेला अर्ज

१४ नोव्हेंबर

आदरणीय सर,

सादर नमस्कार. काकूंचा गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे सगळं ठीक. ऑपरेशन थिएटरचा दरवाजा अजून कुरकुरतो. तेल घातलं की दोन दिवस गप्प, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

परवा नव्या मुलींना गाठी मारायला शिकवत होते, खुर्चीच्या पायाला दोरा बांधून, तुम्ही आम्हाला शिकवायचात तसं. तुम्ही शंभर गाठी मारायला लावायचात आणि नव्याण्णवावी उचकटून म्हणायचात, "ही सैल आहे. पेशंटच्या पोटात सुटली असती." किती रडवलंत!

आणि तो दिवस? ताप अंगावर काढून मी टेबलाशी उभी होते. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातातली सुरी काढून घेतलीत. "बाजूला हो. आज तुझा हात नाही." मी जिन्यात बसून मुसमुसत होते, तर तुम्ही दोन कप चहा घेऊन आलात. "वेडे, आज नाही म्हटलं. कायमचं नाही म्हटलं का?"

सर, इथपर्यंत लिहून तीनदा कागद फाडला.

डॉक्टरांची शस्त्रक्रियेची परवानगी दर दोन वर्षांनी तपासणारी समिती तुम्हीच सुरू केलीत. या वर्षी तिथे तुमचाच अर्ज अडला. तुम्हाला वाटलं, जागेवर डोळा ठेवून तुमच्या सहायकाने तक्रार केली. तो दोनदा तुमच्या दारात येऊन उभा राहिला, तुम्ही भेटला नाहीत. त्याने तोंडातून ब्र काढला नाही.

तक्रार त्याची नव्हती. माझी होती.

चार महिन्यांत तुमच्या तीन पेशंटना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. तिसऱ्या आजी शुद्धीवर आल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टर दमले असतील गं. हात कापत होता त्यांचा, मला भूल द्यायच्या आधीच दिसलं." त्यांना दिसलं, आणि आम्ही सगळे डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो! त्याच दुपारी मी समितीला लिहिलं.

निर्णय झाल्यावर तुम्ही तुमच्या हत्यारांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवलीत आणि मला म्हणालात, "तू तरी माझ्या बाजूने आहेस." मी मान हलवली. तक्रारीची मला लाज वाटत नाही, सर. त्या मान हलवण्याची वाटते.

काल सहायकाला सांगितलं, की मी तुम्हाला सगळं लिहिणार आहे. तो म्हणाला, "कशाला? माझ्यावरचा राग त्यांना झेपतो. तुझ्यावरचा झेपायचा नाही."

झेपो न झेपो, तो राग माझ्या वाट्याचा आहे. रविवारी सहायक पुन्हा तुमच्या दारात येईल. त्याला घरात घ्या. मी मात्र तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही.

तुमच्या हाताखाली शिकलेली, तुमच्याविरुद्ध सही केलेली,
तुमचीच विद्यार्थिनी