साडू लाल, मी पिवळा

२ ऑगस्ट, सकाळ
नगरपालिकेचा नवा पूर-नकाशा आला. लाल पट्ट्यात पुराचा मोठा धोका, पिवळ्यात कमी. शेजारच्या घरात साडू राहतो, म्हणजे हिच्या ताईचा नवरा. लाल रेघ बरोबर त्याच्या माझ्यातल्या कुंपणावर येऊन थांबली. साडू लाल, मी पिवळा. सरकारने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने काहीतरी केलं. मोठी प्रिंट काढून खिडकीला आतून चिकटवली, त्याला येता-जाता दिसेल अशी.

३ ऑगस्ट
साडू आला. विमा एजंट असल्यामुळे हा चहा पितानाही आपण उद्या जाणार या हिशेबाने बोलतो. म्हणे, पिवळ्यातही पाणी येतं, फक्त कमी वेळा. घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत, त्याची पॉलिसी वेगळी काढावी लागते. मी म्हटलं, तुमचं कमिशनही वेगळं असेल. चहा अर्धा टाकून गेला. बरं झालं.

४ ऑगस्ट
आता हिचं सुरू. खालच्या खोलीत हिची शिलाईची चार मशिनं आणि गिऱ्हाइकांचे कपडे. लग्नाच्या आधीपासूनचा धंदा. म्हणे, घराचं तुमचं तुम्ही बघा, माझ्या मशिनांचा तरी पूर-विमा काढा. उद्या नक्की. साडूकडून मात्र नाही.

९ ऑगस्ट
काढला नाही. पिवळ्यातल्या माणसाने पूर-विमा काढायचा म्हणजे टकल्याने कंगवा घ्यायचा. ही म्हणाली, तुमचं भांडण पाण्याशी आहे की ताईच्या नवऱ्याशी, ते एकदा ठरवा. हिला नकाशा कळत नाही.

२१ ऑगस्ट, दुपार
समुद्रात वादळ उठलंय म्हणे. साडूची सकाळपासून सामान वरच्या मजल्यावर न्यायची धावपळ. भित्री भागूबाई. हिची मशिनं उचलायलाही दोन हमाल पाठवले. मी परत पाठवले. मशिनं वर गेली असती तर गल्लीत शहाणा तो ठरला असता.

संध्याकाळ
कुणाला न सांगता ऑनलाइन पूर-विमा काढला. साडूशिवाय. म्हणजे जिंकलोच.

जरा वेळाने
पॉलिसी वाचली. महिन्यानंतर लागू होणार. कस्टमर केअरच्या बाईला झापलं. ती म्हणाली, असं नसेल तर सगळे वादळ बघूनच विमा काढतील. म्हटलं, मग काय बघून काढायचा? फोन ठेवला. पॉलिसी रद्द केली. शेवटी तत्त्व म्हणून काही असतं.

२३ ऑगस्ट, सकाळ
खिडक्यांना स्वतः फळ्या ठोकल्या, फटींत सिलिकॉन भरलं. साडूने बघावं काम कसं असतं ते.

दुपार
पाणी आलं. गटारातून. पहिल्या पायरीपर्यंतच. पिवळ्याला शोभेल इतकंच.

नंतर
चौथी पायरी. ही कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एक मशीन ओढत होती. मीही हात लावला. हललं नाही. मग ही जिन्यावर येऊन बसली आणि गिऱ्हाइकांचे तरंगणारे कपडे मोजायला लागली. मला भीती वाटली.

२७ ऑगस्ट
जुन्या घर-विम्याचा सर्व्हेअर आला. काच फुटून, छप्पर उडून पावसाचं पाणी आत आलं असेल तर भरपाई मिळते, खालून चढलं असेल तर नाही. खालच्या खोलीची एक फळी निघालेली आणि काच फुटलेली बघून त्याने विचारलं, इथून किती पाणी आलं? माझं काम आणि गळकं? सांगितलं, थेंबही नाही, सगळं गटारातून. ही मागून सांगायला लागली की काचेखालचं मशीन आणि कपड्यांचं कपाट आधी पावसानेच भिजलं होतं. तिला गप्प केलं. म्हटलं, फळ्या मी ठोकल्यात, मला माहीत. सर्व्हेअरने तसंच लिहून घेतलं. माझ्या सिलिकॉनचं कौतुकही केलं.

३० ऑगस्ट
भरपाई नामंजूर. हे लोक खरं बोलणाऱ्याला असेच लुटतात. हिने पत्र वाचलं, घडी करून टेबलावर ठेवलं, आणि ताईकडे गेली. 

३ सप्टेंबर
हिने साडूच्या वरच्या मजल्यावर भाड्याचं मशीन लावलंय. गिऱ्हाइकं खुशाल लाल पट्ट्यात जातात. माझा डबा कुंपणावरून येतो. भाजीत मीठ कमी असतं. मुद्दाम.

६ सप्टेंबर
दोन दिवस डबाही मीच जाऊन आणतो. ही दार उघडते, डबा देते, दार लावते.

९ सप्टेंबर
साडूकडे गेलो. म्हटलं, काढा तुमचा तो पूर-विमा. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही, ते जास्त लागलं. वरून मशीनचा आवाज येत होता. साडूने पेन काढलं आणि विचारलं, घरात सामान काय काय आहे. सोफा फेकून दिला. कपाट फुगलं. मशिनं भंगारात गेली. हिचे कपडेही आता वरच. बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हटलं, मी आहे.

साडू म्हणाला, माणसं यात धरत नाहीत.