बिजलीचा गूळ

गोहलपूर, जबलपूर
१२ डिसेंबर १९४२

प्रिय सत्यभामा,

तीन कागद फाडून झाले. हा चौथा. हा शांत डोक्याने लिहून राहिलो, म्हणून तू शेवटपर्यंत वाचशील.

आपल्या लोकांत बोलवा आहे की ऑगस्टच्या धामधुमीत मी चळवळीसाठी कॉलेज सोडलं. म्हातारे पाठ थोपटतात, मी खाली बघतो. तेवढा मोठा मी नाही. खरं काय ते तू पाहिलंस, पण मला ते एकदा स्वतःच्या हाताने लिहायचं आहे. मानसशास्त्राच्या तासाला सर कुत्र्याचा तो प्रयोग सांगत होते. आधी घंटा, मग खाणं, असं रोज केलं की पुढे नुसत्या घंटेनेच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मी ताडकन उठून म्हणालो, माणूस म्हणजे कुत्रा नव्हे! आणि पुढच्या बाकावरून श्यामसुंदर खोकला. तू वर्गात शिरलीस की तो खोकायचा आणि माझे कान लाल व्हायचे, हे सहा महिने चाललेलं. त्या दिवशी तू केव्हाची जागेवर बसली होतीस, दारात चिटपाखरू नव्हतं, तरी त्या कोरड्या खोकल्याने माझे कान पेटले. सर म्हणाले, “घ्या, प्रयोग समोरच उभा आहे.” वर्ग हसत सुटला. मी दौत भिरकावली, श्यामसुंदर वाकला आणि शाई सरांच्या कोटावर. माफी माग म्हणाले, तर मी तरातरा निघून गेलो. सगळे हसले, एक तू हसली नाहीस. कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून खाली बसून काचा वेचत होतीस. ते चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी बाबांशी वाजलं ते वेगळंच. त्याच तिरिमिरीत मी नथ्थूकाकांच्या तबेल्यात येऊन राहिलो. पेट्रोलवर रेशन आल्यापासून टांग्यांना बरे दिवस आलेत, आणि टांगा हाकून काकांचे गुडघे गेलेले. त्यांनी बिजली घोडीचा लगाम माझ्या हातात दिला. तुम्हा मुलींना पडद्याच्या टांग्यातून कॉलेजात नेणारी हीच ती. नाव बिजली, चाल बैलाची. मी टांग्यावर बसलो आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या अण्णांनी टांगेवाला बदलला. त्यांना नावं ठेवायला मला जागा नाही.

फौजेच्या लॉऱ्या दिसल्या की बिजली बिथरते. पहिल्या आठवड्यात मी तिला चाबकाने झोडपलं. काकांनी चाबूक हिसकावला. म्हणाले, “काहून मारून राहिला बे तिले? अगुदर लॉरीचं भेव होतं, आता लॉरीचं अन् तुयं, दोन भेवं झाले. शाना आहेस, कालेजात शिकला म्हनते!” मग त्यांनी काय केलं ऐक. तिला तिलवाऱ्याच्या रस्त्यावर, लॉरी ठिपक्याएवढी दिसेल इतक्या लांब उभं केलं. लॉरी दिसली की ओंजळभर भिजवलेले चणे तोंडापुढे. गेली की चणे बंद. रोज दहा पावलं पुढे. महिन्याभरात पठ्ठी लॉरीचा आवाज ऐकून कान टवकारून माझ्या खिशाकडे बघायला लागली. सरांच्या फळ्यावर जे मला कळलं नाही, ते अंगठा उठवणाऱ्या माणसाने चण्यांवर शिकवलं. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, “चलो, आता लीद उचल.”

लीद उचलतानाच माझ्या डोक्यात लख्ख झालं. लायब्ररीच्या पुस्तकातून मी तुला चिठ्ठ्या ठेवायचो, आठवतं? मी चिडून लिहिलेल्या एकाही चिठ्ठीला तू उत्तर दिलं नाहीस. सरळ, शांत लिहिलं की दोन ओळी यायच्या. वर्षभरात माझ्या चिठ्ठ्या किती मऊ झाल्या! मला वाटे, हा प्रेमाचा प्रताप. अच्छा, म्हणजे चणे होते ते! राग आला असेल असं वाटतं तुला? नाही गं. मला सबंध दिवस हसू येत होतं, आणि अभिमान. काकांना घोडी सुधारायला चाबूक लागला नाही, आणि मला सुधारायला तुला एक कडू शब्दही लागला नाही. तुझ्याएवढी हुशार मुलगी मी पाहिली नाही.

त्याचं फळ सांगतो. काल मी सरांच्या घरी जाऊन माफी मागितली. नेमका तिथे श्यामसुंदर बसलेला. खोकला लेकाचा! कान लाल झाले, ते काही माझ्या हातात नाही. पण हात मात्र जागचा हलला नाही. सर म्हणाले, जुलैत पुन्हा वर्गात ये.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. कमानिया गेटावरून वळलं की बिजली अजून तुझ्या दारापुढे थांबते. सवारी शिव्या देते, ती हलत नाही. आणि एखाद्या दिवशी तू बाहेर येतेस, तिला गुळाचा खडा देतेस, माझ्याकडे न बघता आत जातेस. दोन महिन्यांत चारदा. काकांना विचारलं, ही सवय सुटेल कशी? म्हणाले, “गूळ अजिबात बंद झाला, त महिन्या-दोन महिन्यात इसरते. पन मंधातच कधीमधी भेटला, त जनमभर थांबते थे.” सत्यभामा, गूळ घोडीला मिळतो आणि पुढचे पंधरा दिवस मी वाट बघतो. सोमवारपासून रोज सकाळी आठला आम्ही त्या दारावरून जाऊ. तुझ्या मनात असेल तर रोज बाहेर ये; मी जुलैत कॉलेजात जाईन आणि मग अण्णांपुढे उभा राहीन. नसेल तर दार लावून घे. ती विसरेल, मीही शिकेन, आणि दौत फेकणार नाही. एवढं तुझ्याचकडून शिकलो आहे. पण कधीमधी मात्र येऊ नकोस.

तुझाच, निदान सोमवारपर्यंत,
अच्युत