शाळेमागची भिंत

४ मार्च

पालिकेने निवड केली. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना आपल्या खोऱ्यातल्या भिंती दाखवायला कोण? धाकटी! माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन इथे आली त्याला अजून सहा वर्षंही झाली नाहीत.

माझा तर जन्मच इथला. आबांनी, माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं या भिंती रचल्या. चुना नाही, माती नाही. दगडावर नुसता दगड, आणि फटीत कपच्या ठोकलेल्या. आजवर एकही ढासळली नाही. आणि त्यांच्याबद्दल सांगणार कोण, तर जिच्या माहेरी सगळी विटांची घरं!

हे म्हणाले, "तू अर्ज केलाच नव्हतास." अर्ज काय करायचा? लोकांना दिसत नाही का?

५ मार्च

नुसती चिडचिड. वाचनालयात दोन पुस्तकांवर उलटे शिक्के मारले.

९ मार्च

आज कळलं. मी कामावर असते तेव्हा धाकटी दुपारची आबांकडे जाऊन बसते. वही घेऊन! माझ्याशी दिवसाला चार शब्द न बोलणारे आबा तिच्याशी तासन्‌तास बोलतात. त्यांच्या शेजारीणबाई म्हणाल्या, हसण्याचे आवाज येतात. हसण्याचे!

इथली माणसं मोजकं बोलतात, आमच्याकडे तोंडापेक्षा हात जास्त चालतो, हे मी आयुष्यभर मिरवत आले. मग आता काय झालं?

मुद्दाम अर्धी रजा टाकून गेले. आबा टेबलावर काड्यापेट्या रचून तिला काहीतरी दाखवत होते. मला पाहून थांबले. धाकटी उठून म्हणाली, ताई, बसा ना. माझ्याच माहेरी मला बसा म्हणते! मी बसले नाही. जरा वेळ खिडकीपाशी उभी राहिले आणि निघून आले.

१२ मार्च

पोटात दुखतंय माझं, कबूल. इथे नाही लिहायचं तर कुठे? ती चुकावी असं वाटतं. एकदाच — पण चारचौघांत.

१५ मार्च

यांच्या सदऱ्याला बटण लावलं. सुई अजून डाव्या हातातच जाते. शाळेत बाईंनी पट्ट्या मारून लिहिण्यापुरता उजवा हात लावला, बाकीचं राहिलंच. लहानपणी मी डाव्या हाताने काही करू लागले की आबा काम सोडून बघत बसायचे. रागवायचे मात्र नाहीत.

आई असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. मी तीन वर्षांची असताना गेली. चेहराही धड आठवत नाही. धाकटीला तिच्या आईचा दर रविवारी फोन येतो. आज तोही टोचला.

१९ मार्च

चुकली!!

पाहुण्यांचा पहिला गट, वीसेक माणसं. मी मागे उभी. शाळेमागची भिंत आली. अख्ख्या खोऱ्यात तिच्यासारखी देखणी दुसरी नाही. ऐन वळणावरसुद्धा जराही तिरकी नाही. कळायला लागल्यापासून मी दिसेल त्याला तिथे नेऊन सांगत आलेय, ही माझ्या आबांनी रचली.

धाकटीने कपच्यांवर बोट ठेवलं. म्हणाली, उजव्या हाताने काम करणारा दगडाच्या उजव्या अंगाला कपची ठोकतो. इथे बघा, सगळ्या डाव्या अंगाला आहेत. ही भिंत रचणारा हात डावा होता.

मी गर्दीतून पुढे झाले. "ही माझ्या वडिलांची भिंत आहे. आणि ते उजव्या हाताने काम करतात. वहीत उतरवून घेतलं म्हणजे सगळं कळलं असं होत नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने वही उघडली नाही, वाद घातला नाही. "ताई म्हणतात तसं असेल," एवढंच म्हणाली आणि पाहुण्यांना पुढे घेऊन गेली. कान लालबुंद झाले होते तिचे.

कशी जिरली!

२० मार्च

आज मस्त वाटायला हवं होतं. वाटलंही, सकाळपुरतं.

दुपारी जाऊन बघून आले. कपच्या खरंच डाव्या अंगाला आहेत. सगळ्या. इतकी वर्षं ती भिंत लोकांना दाखवली, पण स्वतः कधी नीट पाहिली नाही. उद्या आबांना विचारते.

२१ मार्च

"तुझी आई डावरी होती," आबा म्हणाले.

त्या साली त्यांचा हात मोडला होता. काम दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून नाव त्यांचं ठेवलं. भिंत आईने रचली. पहाटे, लोक उठायच्या आत. मी तेव्हा तिच्या पोटात होते.

मला का नाही सांगितलं?

"तू सगळ्यांना माझी म्हणून दाखवायचीस. केवढी खूश असायचीस. धीर झाला नाही गं. धाकटीने कपच्या पाहून विचारलं, तिला सांगितलं. पण कुणाचा हात ते बोलू नकोस म्हटलं. ते तुला मीच सांगणार होतो."

वीस माणसांसमोर मी तिला खोटं पाडलं. आणि ती माझ्या आईचं नाव गिळून पुढे चालत गेली.

येताना शाळेमागून आले. एका कपचीवर हात ठेवला. डावा.